दोन रोगी, एक वैद्य: बर्फाच्या टबात उतरण्याआधी वाचण्याचा इतिहास

१/
इ.स.पू. २३. सम्राट ऑगस्टस मरणपंथाला लागला होता. दुखणे यकृताचे असल्याचे सांगितले जात होते आणि गरम शेकाने काडीचाही गुण येत नव्हता. त्याने आपली मुद्रेची अंगठी काढून अग्रिपाच्या हाती दिली, म्हणजे आशा सोडलीच होती. त्याचा वैद्य अँटोनियस मूसा हा दास्यातून मुक्त झालेला माणूस. त्याने सगळी चिकित्साच उलटी फिरवली. गरम शेक बंद. थंड पाण्याचे स्नान आणि थंड पेये सुरू. ऑगस्टस उठून बसला.

२/
मूसाला धन मिळाले, सोन्याची अंगठी घालण्याचा मान मिळाला, करमाफी मिळाली; ती करमाफी पुढे त्याच्या व्यवसायबंधूंनाही लागू झाली. लोकांनी वर्गणी काढून त्याचा पुतळा उभारला, आणि तोही आरोग्यदेव एस्क्युलेपिअसच्या मूर्तीशेजारी.

त्याच वर्षी ऑगस्टसचा भाचा आणि जावई मार्सेलस आजारी पडला. वय विशीच्या आतबाहेर. वैद्य तोच, उपचार तोच. मार्सेलस दगावला. ऑगस्टसने स्वतःसाठी बांधायला घेतलेल्या भव्य समाधीत पहिल्या अस्थी गेल्या त्या या मुलाच्या.

३/
सुमारे सव्वादोनशे वर्षांनी कॅसिअस डिओ या इतिहासकाराने हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी मांडले आणि निष्कर्षही स्पष्ट काढला: ऑगस्टसच्या बरे होण्याचे श्रेय दैवाचे होते, मूसाने ते आपल्या पदरात पाडून घेतले. डिओचे हे मत मान्य करण्याची सक्ती नाही. पण थंड पाण्याच्या पुढच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जो वाचतो त्याची कथा सांगितली जाते. जो जातो त्याचा आजारच बळावलेला होता, असे म्हटले जाते.

४/
हा विषय आज काढण्याचे कारण उघड आहे. घराच्या गच्चीत निळे पिंप किंवा फुगवता येणारा टब, त्यात बर्फाची लादी फोडून टाकलेली, आणि दात-ओठ खाऊन मानेपर्यंत बुडालेला एक तरुण. ‘कोल्ड प्लंज’ घरी सुरू करावे की नाही, हा प्रश्न पंचविशीच्या आतल्या अनेकांना खरोखर पडलेला आहे. त्याच्या समर्थनार्थ इतिहास हटकून साक्षीला बोलावला जातो. रोमन असे न्हात, ऋषिमुनी तसे न्हात, मग आपण काय इतके नाजूक झालो?

या थ्रेडचे म्हणणे असे: इतिहासाच्या साक्षीवर विसंबून या टबात उतरू नये. उतरायचेच असेल तर कारण दुसरे असावे, आणि त्यासाठी लागणारी शिस्त मात्र इतिहासातून खुशाल घ्यावी.

५/
आधी रोमन साक्ष तपासू. मूसाच्या यशानंतर थंड स्नानाची लाट आली. कवी होरेस भर हिवाळ्यात थंड पाण्याने न्हाऊ लागला. बाइए येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर गिऱ्हाईक जाईना म्हणून तिथले लोक कुरकुरू लागल्याचे त्याने थट्टेने नोंदवले आहे. पुढे नीरोच्या काळात मसालियाहून, म्हणजे आजच्या मार्सेलहून, खार्मिस नावाचा वैद्य रोममध्ये आला. आधीच्या सगळ्या वैद्यांना त्याने मोडीत काढले आणि हिवाळ्यातही रोग्यांना तळ्यात बुडवायला सुरुवात केली. थोरला प्लिनी सांगतो की, उच्च पदे भूषवलेले म्हातारे केवळ लोकांनी पाहावे म्हणून थंडीने ताठ होईपर्यंत पाण्यात उभे राहत.

केवळ लोकांनी पाहावे म्हणून. मोबाइलचा कॅमेरा यायला तेव्हा एकोणीसशे वर्षे अवकाश होता.

६/
रोमन स्नानगृहाची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. ‘फ्रिजिडेरियम’ हे थंड पाण्याचे दालन, पण ते सुटे नव्हते. त्याच्या जोडीला कोमट आणि उष्ण दालने असत आणि माणूस त्यांमधून फिरून थंड पाण्याशी येई. सामान्य रोमन माणसाला थंड पाण्याची डुबकी हा एका मोठ्या, सामाजिक, गप्पाटप्पांच्या स्नानाचा एक टप्पा म्हणून माहीत होती. गच्चीत एकट्याने बर्फात बसण्याशी तिचे नाते फार लांबचे आहे.

७/
आता इंग्लंड. लिचफील्ड गावी सर जॉन फ्लॉयर नावाचा वैद्य होता. नाडी मोजण्यासाठी खास घड्याळ तयार करवून घेणारा, म्हणजे मोजमापाची आवड असणारा माणूस. शीतस्नानाच्या प्रचारासाठी त्याने १७०० च्या आसपास ग्रंथ लिहिले. त्याचा एक युक्तिवाद इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा आहे. इंग्लंडात बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला पाण्यात पूर्ण बुडवण्याची प्रथा मागे पडली होती आणि मुडदूस हा मुलांचा रोग वाढल्याचे दिसत होते. फ्लॉयरने दोन्हींची गाठ बांधली: बुडवणे थांबले, म्हणून हाडे वाकली.

८/
मुडदुसाचे कारण ड जीवनसत्त्वाचा अभाव, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. पण फ्लॉयरच्या तर्काचा साचा अजून शाबूत आहे. पूर्वी एक प्रथा होती, ती गेली, नंतर रोग आले, म्हणून प्रथा परत आणा. आज ‘आजोबा नदीवर न्हायचे, त्यांना मधुमेह नव्हता’ असे म्हणणारा माणूस नकळत फ्लॉयरचेच वाक्य बोलत असतो. आजोबा शेतातही राबत आणि त्यांच्या पिढीतले किती जण लहानपणीच गेले हे नदी सांगत नाही.

९/
फ्लॉयरनंतर शंभर वर्षांनी लिव्हरपूलच्या जेम्स करीने मात्र वेगळा रस्ता धरला. १७९७ साली त्याने तापावर पाण्याच्या उपचारांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यासाठी थर्मामीटर हाती घेतला. त्या काळी रोग्याच्या अंगाचे तापमान मोजणे ही रीत नव्हती. निरोगी माणसांना थंड पाण्यात बसवून त्यांचे तापमान कसे बदलते, हेही त्याने टिपले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, थंड पाणी केव्हा ओतू नये हे त्याने लिहून ठेवले: हुडहुडी भरली असताना नाही, घाम फुटल्यावर नाही.

थंड पाण्याच्या इतक्या प्रचारकांमध्ये ‘केव्हा नाही’ हे ठळकपणे लिहिणारे थोडेच.

१०/
‘केव्हा नाही’ हे विसरल्यावर काय होते त्याची नोंद वेड्यांच्या इस्पितळांत सापडते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपातील अनेक ठिकाणी मनोरुग्णांवर अचानक थंड पाण्याचा मारा करणे हा मान्य उपचार होता; नाव उपचाराचे, काम बऱ्याचदा शिक्षेचे. १८५६ मध्ये सरे परगण्याच्या इस्पितळात एका वृद्ध रुग्णाला २८ मिनिटे थंड पाण्याच्या धारेखाली ठेवले गेले. त्यानंतर थोड्याच वेळात तो मरण पावला. डॉक्टरवर मनुष्यवधाचा आरोप आला, पण तो टिकला नाही.

टबात स्वतःहून उतरणाऱ्याने हा प्रसंग का लक्षात ठेवावा? कारण पाणी तेच असते. फरक एवढाच की, एका ठिकाणी ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार न्हाणाऱ्याकडे आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. जिममधला मित्र, समाजमाध्यमावरचे तीस दिवसांचे आव्हान, कॅमेरा सुरू असल्याची जाणीव: हा अधिकार काढून घेणारे हात नेहमीच पांढऱ्या डगल्यातले असतात असे नाही.

११/
आता या थ्रेडचा खरा नायक. पण त्याआधी त्याच्या गुरूचा गुरू. ऑस्ट्रियन सायलेशियातल्या ग्रेफेनबर्ग गावचा व्हिन्सेंट प्रीसनिट्झ हा शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणी गाडीखाली येऊन त्याच्या बरगड्या मोडल्या. ओल्या पट्ट्या बांधून त्याने स्वतःला बरे केले, अशी त्याची ख्याती. पुढे त्याने डोंगरउतारावर जलोपचाराचे केंद्रच काढले: ओली चादर गुंडाळणे, घाम काढणे, उंचावरून पडणारी थंड धार, साधे अन्न, भरपूर चालणे. १८३९ च्या सुमारास वर्षाला दीड हजारांच्या घरात रोगी येत, त्यांत सरदार-उमराव पुष्कळ. या केंद्राच्या नकला युरोपभर निघाल्या. त्यांतली एक इंग्लंडातल्या मॉल्व्हर्नला, डॉक्टर जेम्स गली आणि जेम्स विल्सन यांनी १८४२ मध्ये काढलेली.

१२/
मार्च १८४९ मध्ये गलीकडे एक चाळिशीचा गृहस्थ बायकामुलांसह येऊन दाखल झाला. सततची ओकारी, हातांना कंप, डोके गरगरणे. काम होत नव्हते. नाव चार्ल्स डार्विन.

गलीच्या उपचारांवर त्याचा सगळाच विश्वास होता असे नाही. गलीने दिलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्या तो निमूटपणे घेई, पण श्रद्धा तिळमात्र नसे; गलीला दिव्यदृष्टीच्या प्रयोगांचे वेड होते, त्याचा तर डार्विनला वैताग येई. पण पाण्याबद्दल त्याचे मत लवकरच बदलले. स्पिरिटच्या दिव्याने अंग तापवून घाम काढायचा आणि मग थंड पाण्यात बुडवलेल्या टॉवेलांनी खसखसून घासून घ्यायचे. दिवसातून दोनदा पाय थंड पाण्यात. पोटावर दिवसभर ओली पट्टी. ओकारी थांबली, वजन वाढले, रोज कित्येक मैल चालणे होऊ लागले.

१३/
जूनअखेर तो केंटमधल्या डाउन गावी घरी परतला आणि आज हजारो तरुण जे ठरवू पाहत आहेत तेच त्याने ठरवले: हे घरी करायचे. विहिरीजवळ एक छोटी झोपडीवजा खोली बांधून घेतली. वर पाण्याची टाकी. डार्विन आत जाऊन कपडे उतरवी, बटलर पार्स्लो दोरी ओढी, आणि वरून थंड पाण्याचा लोट अंगावर कोसळे. हिवाळ्यातसुद्धा.

१४/
इथवर ही कथा कुठल्याही रीलला शोभेल. पुढचा भाग रीलमध्ये येत नाही.

डार्विनने वही घातली. १ जुलै १८४९ पासून जानेवारी १८५५ पर्यंत, साडेपाच वर्षे, रोजची नोंद. कोणता उपचार केला, रात्र कशी गेली, पोट कसे होते. बऱ्या दिवसांना खूण, फार बऱ्या दिवसांना दुहेरी खूण, आणि महिन्याअखेर अशा खुणांची बेरीज. शंखखवल्यांसारख्या चिवट सागरी जीवांचे, बार्नॅकल्सचे, वर्गीकरण ज्या बारकाईने तो त्याच काळात करत होता, त्याच बारकाईने स्वतःच्या आतड्यांचेही.

१५/
वहीतून काय निघाले? सुरुवातीला बरे दिवस वाढले. पण आजार गेला नाही. तो कमी होई, पुन्हा उसळे. थंड पाण्याची खोली असतानाही उसळे. शिवाय जलोपचाराची एक किंमत होती ती निराळीच: गलीच्या नियमाप्रमाणे डार्विनला दिवसात अडीच तासच काम करण्याची मुभा होती. ओकारी कमी झाली ती पाण्याने, की विश्रांतीने, की मिताहाराने, की रोज मोकळ्या हवेत चालण्याने? गलीच्या उपचारात हे सगळे एकत्र बांधलेले होते. एकेक दोरा सुटा करून पाहणे त्या काळी कोणाला जमले नाही.

तरीही डार्विन पाण्याकडे पुन्हा पुन्हा वळला. नोव्हेंबर १८५९ मध्ये ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ बाजारात आले तेव्हा लेखक लंडनमध्ये नव्हता. यॉर्कशरमधल्या इल्कलीच्या जलोपचार केंद्रात होता.

१६/
आणि मध्ये १८५१.

थोरली मुलगी ॲनी आजारी पडली. आधी डार्विनने गलीच्या सूचनेप्रमाणे घरीच तिच्यावर जलोपचार सुरू केले. तिच्याही प्रकृतीची टिपणे ठेवली. गुण येईना तेव्हा मार्चमध्ये तिला मॉल्व्हर्नला नेले. स्वतःला जिथे बरे वाटले तिथेच बाप आपल्या मुलीला घेऊन गेला, यात नवल नाही. २३ एप्रिल १८५१ रोजी ॲनी तिथे वारली. ती दहा वर्षांची होती. आईचे दिवस भरत आले होते म्हणून ती डाउनलाच होती. उशाशी बाप होता.

पाण्याने ॲनी गेली असे म्हणायला कोणताही आधार नाही. तिला क्षय असावा असे अनेक अभ्यासकांना वाटते. पण पाण्याने ती वाचलीही नाही. ऑगस्टस आणि मार्सेलस इथे एकाच घरात आहेत.

१७/
प्रीसनिट्झपासून निघालेला हा प्रवाह भारतात आला तो जर्मनीतल्या लाइपझिगच्या लुई कुन्हे याच्या पुस्तकातून. कुन्हे पदवीधर डॉक्टर नव्हता. टबात गार पाणी घ्यायचे, पाय बाहेर ठेवून बसायचे आणि ओटीपोट चोळायचे, हे त्याचे ‘कटिस्नान’. त्याचा भारतातला सर्वांत प्रसिद्ध वाचक मोहनदास करमचंद गांधी.

१८/
१९०२. गांधींचे बिऱ्हाड मुंबईत गिरगावात होते. दुसरा मुलगा मणिलाल, वय नऊ-दहा, विषमज्वराने आजारी. छातीतही विकार आणि रात्री वात. डॉक्टर पारशी होते. त्यांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितले. गांधींनी नकार दिला आणि कुन्हेचा उपचार धरला: कटिस्नान, पण एका वेळी तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि पाणी मिसळलेला संत्र्याचा रस. ताप १०४ वर गेला. एका रात्री त्यांनी मुलाला ओल्या चादरीत गुंडाळले, वर ब्लँकेटे घातली, त्याला कस्तुरबांवर सोपवले आणि जीव घाबरा झाल्याने चौपाटीवर फिरायला निघून गेले.

परतले तेव्हा मुलाला घाम फुटला होता. ताप उतरला.

१९/
चौपाटीवरच्या त्या फेरीत गांधींच्या मनात जे चालले होते ते त्यांनी आत्मकथेत लपवलेले नाही: स्वतःच्या हट्टापायी मुलाच्या जिवाशी खेळण्याचा बापाला काय अधिकार? आणि मणिलाल बरा झाल्यावरही त्यांनी पाण्याचा विजय पुकारला नाही. देवाची कृपा, जलोपचार, की आहार आणि शुश्रूषा. यांपैकी कशाने बरा झाला हे कोण सांगणार, असाच त्यांचा सूर आहे. स्वतःपुरते त्यांनी श्रेय देवाला दिले.

पुढे आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना त्यांनी आरोग्यावर जे लहान पुस्तक लिहिले त्यात पाण्याला स्वतंत्र प्रकरण आहे. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. ते केंद्र आजही आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या जलोपचाराची वंशावळ शोधायला गेले तर ती ऋषींच्या आश्रमाआधी सायलेशियातल्या एका शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन पोहोचते.

२०/
मग ‘आपली परंपरा’? ती तर पाणी तापवण्याची. घरोघरी तांब्याचा बंब होता, घंगाळ होते, आणि कढत पाण्यात गार पाणी घालण्याला मराठीत ‘विसण’ असा खास शब्द आहे. दिवाळीचे अभ्यंगस्नान भर गारठ्यात असते, पण तेल-उटणे लावून, ऊन पाण्याने. ‘अष्टांगहृदया’त वाग्भटाने सांगितले आहे की, मानेखाली ऊन पाणी घेतल्याने बळ वाढते, डोक्यावर मात्र ते नको, केसांना आणि डोळ्यांना अपाय होतो. जेवण झाल्याबरोबर, अतिसारात, कानाच्या-डोळ्यांच्या विकारात स्नानच नको, हेही तिथेच आहे.

कार्तिकस्नान, माघस्नान पहाटे गार पाण्यात होई हे खरे. पण ते व्रत. व्रतात कष्ट हेच मोल असते. कष्ट टळले तर पुण्यही टळले. त्याला औषध म्हणणे हा व्रताचाही अपमान आणि औषधाचाही.

२१/
आता आजचे विज्ञान, आणि तेही साधन-चिकित्सेच्या नजरेने. ‘थंड पाण्याने डोपामाइन २५० टक्के वाढते’ हे वाक्य जवळपास प्रत्येक रीलमध्ये असते. त्याचे मूळ २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. मूठभर निरोगी तरुण पुरुष, डोके बाहेर ठेवून पाण्यात. तापमान १४ अंश सेल्सिअस. कालावधी एक तास. डोपामाइन मोजले ते रक्तातले, मेंदूतले नव्हे. दोन मिनिटे बर्फात बसणाऱ्याला हा आकडा सांगणे म्हणजे मॅरेथॉनचा घाम बसस्टॉपपर्यंत धावणाऱ्याच्या खाती मांडणे.

२२/
दुसरा नेहमीचा दाखला नेदरलँड्सचा, २०१६ चा. तीन हजारांहून अधिक माणसे. गरम शॉवरच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद थंड पाणी, महिनाभर. आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. आजारी असल्याचे दिवस मात्र लक्षणीय कमी झाले नाहीत. म्हणजे माणसे तितकीच आजारी पडली, पण कामावर गेली. यातून ‘प्रतिकारशक्ती वाढते’ असे निघत नाही. ‘उभारी येते’ एवढे कदाचित निघते. तेही थोडे नाही. शिवाय ३० सेकंदांना आणि ९० सेकंदांना फळ सारखेच मिळाले. आणि व्यायामशाळेत घाम गाळून लगेच बर्फात बसणाऱ्यांसाठी: २०१५ च्या एका प्रयोगात बारा आठवडे असे केलेल्या पुरुषांचे स्नायू आणि ताकद, तसे न केलेल्यांपेक्षा कमी वाढली.

२३/
धोका कुठे आहे? पहिल्या मिनिटात. थंड पाणी त्वचेला लागताच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, धाप लागते, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात. तो श्वास डोके पाण्याखाली असताना घेतला गेला तर पाणी छातीत जाते. चेहरा बुडाला की शरीर उलट नाडी मंदावू पाहते. ‘पळ’ आणि ‘थांब’ हे दोन हुकूम हृदयाला एकाच वेळी मिळतात आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून हृदयविकार, उच्च रक्तदाब, फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याविना याच्या वाटेला जाऊ नये. जोरजोरात श्वास घेण्याचे व्यायाम पाण्यात किंवा पाण्यात उतरण्याच्या तोंडावर करू नयेत. त्याने शुद्ध हरपू शकते, आणि पाण्यात शुद्ध हरपणे म्हणजे बुडणे.

पार्स्लोचे काम फक्त दोरी ओढण्याचे नव्हते. घरात दुसरे माणूस होते, हाच डार्विनच्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा भाग.

२४/
मग घरी सुरू करावे का? रोग बरा व्हावा म्हणून असेल, तर नाही. पूर्वज करत म्हणून असेल, तरीही नाही. कोणते पूर्वज आणि कशासाठी, हे वर आलेच आहे. थंड पाण्यातून बाहेर आल्यावर जो तरतरीतपणा येतो तो खराच असतो आणि तो आवडतो, एवढेच कारण असेल तर ते पुरेसे आणि प्रामाणिक आहे. त्यासाठी महागडा टब लागत नाही, बर्फाची लादीही नाही. अंघोळीच्या शेवटी गिझर बंद करून अर्धा मिनिट नळाखाली उभे राहिले तरी प्रारंभ होतो. मुंबईत मे महिन्यात नळाचे पाणीच कोमट येते, हा भाग वेगळा.

आणि सोबत वही. किती वेळ, पाणी साधारण किती गार, झोप कशी, दिवस कसा. करीने जसे ‘केव्हा नाही’ लिहिले तसे आपले ‘केव्हा नाही’ पहिल्याच पानावर. दोन महिन्यांनी दुहेरी खुणांची बेरीज करावी. ती वाढलेली नसेल तर टब बादल्या ठेवायला उपयोगी पडतो.

२५/
शेवटी पुन्हा रोम. तत्त्वज्ञ सेनेका तारुण्यात थंड पाण्याचा मोठा भक्त होता. स्वतःला तो तसे म्हणवूनही घेई. १ जानेवारीला थंडगार कालव्यात उडी मारून नववर्षाची सुरुवात करण्याचा त्याचा परिपाठ होता. म्हातारपणी एका पत्रात तो आपलीच फिरकी घेतो. आधी त्याने मुक्काम कालव्यावरून टायबर नदीवर हलवला. मग नदीवरून घरच्या टबावर. आणि अंगात ताकद असेल त्या दिवशीसुद्धा टबातल्या त्या पाण्याला विसण घालायला ऊन असे.